लाकडी विमानाचे पंख घरी बांधताना: बडोद्याच्या हवेला धरून एक क्रम

लाकडी विमानाच्या पंखांचं काम दसऱ्याला सुरू करावं, असं माझं बडोद्यापुरतं ठाम मत आहे. हत्यारांची पूजा त्या दिवशी होतेच, पण खरं कारण हवेचं आहे. पावसाळाभर खोलीत ठेवलेलं लाकूड ओल पिऊन फुगतं आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तेच आकसतं. पंखात शेकडो सांधे आणि कितीतरी बोल्ट असतात. लाकूड हललं की त्या सगळ्यांवर परिणाम होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लाकूड त्यातल्या त्यात स्थिर असतं आणि गोंद लावायलाही वेळ मिळतो. म्हणून पुढचा सगळा क्रम या हंगामाला धरून लावला आहे: दिवाळीपर्यंत लाकूड निवडून झालेलं, मार्गशीर्षात रिब आणि स्पार (पंखाच्या फासळ्या आणि मुख्य पाट), संक्रांतीच्या सुमारास सांगाडा, उन्हाळा तापण्याआधी तारा आणि कापड. एका हिवाळ्यात हे उरकत नाही असं दिसलं तर काम आहे तिथे थांबवावं आणि पुढच्या दसऱ्याची वाट बघावी. जुलैत सांधे जोडायला बसू नये.

डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, पत्रव्यवहार मात्र दसऱ्यासाठी ठेवू नका. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे आणि घरी बांधलेलं विमान उडवायला डीजीसीएची परवानगी लागतेच. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, पण चाचणी उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. पंखाच्या कुठल्या टप्प्यावर कोण तपासणी करणार, हे लाकूड कापण्याआधी लेखी ठरवून घ्या. कापड चढल्यावर आतला एकही सांधा दिसत नाही.

इथे मी दोन स्पारच्या, तारांनी ताणलेल्या आणि कापड मढवलेल्या पंखाबद्दल लिहितो आहे. अमेरिकेत पीटर बॉवर्स यांचं ‘फ्लाय बेबी’ १९६० साली उडालं, ते याच जातीचं. आपल्याकडेही १९६१ चं ‘रोहिणी’ ग्लायडर लाकडीच होतं. माप कुठलंही असो, शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या ड्रॉइंगचा. मी काम कसं करायचं ते सांगतो, जाडी आणि लांबी तिथून घ्यायची.

लाकूड निवडणं

स्पार म्हणजे पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत जाणारा मुख्य पाट. सगळा भार शेवटी त्याच्यावर येतो. त्यासाठी जगभर सिटका स्प्रूस वापरतात, कारण घनमीटरला सुमारे ४३० किलो वजनात एवढी ताकद देणारं लाकूड दुर्मीळ आहे. घरातले जुने लोक सागवान सुचवतील. सागवान दारं-खिडक्यांना उत्तम, पण त्याचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास जातं आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही.

आलेल्या फळ्या लगेच कापू नयेत. ज्या खोलीत पंख बांधायचा तिथेच, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे ठेवाव्यात. ओलावा मोजायचं साधं मीटर मिळतं. ८ ते १२ टक्क्यांत आकडा स्थिरावला की लाकूड तयार. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या तळघरात जागा मिळत असेल तर मोह टाळा: तिथे ओलही असते आणि वाळवीही. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली बरी. फक्त बांधलेला पंख खिडकीतून किंवा जिन्यावरून खाली उतरतो का, ते दोरी धरून आधी मोजा.

प्रत्येक फळीची परीक्षा स्वतः घ्यायची. कापलेल्या टोकाला वाढीची वलयं मोजावीत. इंचाला किमान ६ हवीत. मग रेषांचा तिरपेपणा. लाकडाचे तंतू फळीच्या कडेला समांतर हवेत, आणि तिरपे असलेच तर १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त नकोत. डोळ्याला दिसणाऱ्या रेषा कधी कधी फसवतात. अशा वेळी शाईच्या पेनातून एक बारीक थेंब लाकडावर सोडावा. शाई तंतूंच्या दिशेने केसासारखी पसरत जाते आणि खरा तिरपेपणा दाखवते. शेवटी खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत फळीवर अगदी आडवा टाकावा. तंतूंना छेद देणारी, सुरकुतीसारखी बारीक आडवी रेघ दिसली तर ती दाबाने आतून चिरडल्याची खूण असते. ती फळी कितीही महाग पडली असली तरी स्पारला वापरायची नाही. ठोकळे आणि जिग (रिब जोडायचा साचा) करायला ठेवा.

गोंद

सुताराकडचा पांढरा गोंद सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो, तो इथे चालत नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचे जुने विमानी गोंद उष्ण आणि दमट हवेत खराब होतात, म्हणजे आपल्या हवेला तेही नकोत. उरतात दोन: रिसॉर्सिनॉल आणि इपॉक्सी. रिसॉर्सिनॉल फार टिकाऊ, पण त्याला सांधा तंतोतंत बसलेला लागतो आणि क्लॅम्पचा दाबही भरपूर लागतो. घरी काम करणाऱ्याला इपॉक्सी सोयीचं. त्याला हलका दाब पुरतो. जास्त आवळलं तर गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

तापमान दर १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डिसेंबरच्या सकाळी निवांत होणारं काम एप्रिलच्या दुपारी अर्ध्यावर असतानाच गोंद घट्ट व्हायला लागतो. थोडं थोडंच कालवावं, आणि वजनकाट्यावर मोजूनच.

सांध्याची बाजू धारदार रंध्याने साफ करावी, सॅंडपेपरने घासू नये. घासल्यावर भुसा छिद्रांत बसतो आणि गोंदाला आत शिरू देत नाही. प्लायवूडचा गुळगुळीत पृष्ठभाग मात्र हलका घासून घ्यावा.

प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदातून दोन तुकडे चिकटवून त्यांच्यावर तारीख लिहायची आणि पूर्ण वाळल्यावर ते तोडून बघायचे. तुटताना लाकूड फाटलं तर गोंद चांगला. गोंदाच्या रेषेवरच साफ सुटलं, तर त्या दिवशी जोडलेलं सगळं संशयास्पद समजावं. हे तुकडे फेकू नका, डबा भरून ठेवा. तपासणीला येणाऱ्या माणसाला त्यातून तुमच्या कामाची पद्धत कळते.

रिब

रिब पंखाला आकार देते. सपाट जाड बोर्डावर रिबचा पूर्ण मापाचा आकार काढून कडेने लाकडी ठोकळे ठोकले की जिग तयार होतो. छापील कागदाच्या मापावर विसंबू नका. छापताना माप बदलतं आणि दमट हवेत कागदही ताणतो, म्हणून स्टीलच्या पट्टीने लांबी तपासूनच कागद चिकटवा. वर प्लास्टिकचा पातळ कागद पसरा, नाहीतर रिब जिगलाच चिकटेल.

नाकाकडच्या वळणाला साधारण ६ मिलिमीटर चौरस पट्टी वाफेवर धरून वाकवावी आणि जिगमध्येच सुकू द्यावी. जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे दीड मिलिमीटर प्लायवूडचा गसेट, म्हणजे जोड धरणारा छोटा तुकडा, दोन्ही बाजूंनी येतो. पहिली बाजू जिगमध्ये, दुसरी रिब बाहेर काढल्यावर. बाहेर आलेली प्रत्येक रिब वजन करून, त्यावर आकडा लिहून टांगून ठेवा.

सगळ्या रिब करण्याआधी एक जास्तीची करा आणि ती मोडेपर्यंत भार द्या. हिशोब सोपा आहे. समजा विमान भरल्या वजनाने ४२० किलोचं आणि रिब २८. साध्या वापराच्या विमानाला ३.८ पट भार धरतात: ४२० गुणिले ३.८ भागिले २८, म्हणजे सरासरी ५७ किलो. त्यावर दीडपट सुरक्षितता धरली की ८६ किलो. पंखाच्या मधल्या रिबवर सरासरीपेक्षा जास्त भार येतो, म्हणून तिथे आणखी सोडावं. रिब उलटी करून स्पारच्या जागी आधार द्यायचा आणि वाळूच्या छोट्या पिशव्या नाकाकडच्या भागात जास्त, मागे कमी, अशा ठेवत जायचं. कुठे मोडली ते नीट बघा. मोडलेल्या रिबइतकी खात्री दुसऱ्या कशाने येत नाही.

स्पार आणि धातूची जोडकामं

अखंड लांबीची फळी मिळाली नाही तर तिरपा स्कार्फ जोड देतात. उतार १ ला १२, म्हणजे २० मिलिमीटर जाडीला २४० मिलिमीटर लांब जोड. तो धातूच्या पट्टीखाली येऊ देऊ नका.

स्टीलच्या पट्ट्या करून द्यायला मकरपुरा जीआयडीसीत चांगली वर्कशॉप आहेत. कारागिरीबद्दल शंका नसावी, पण पत्रा प्रमाणपत्रासह तुम्ही स्वतः न्यावा. स्पारला भोक ड्रिल स्टँडवर, खाली लाकडाचा आधार ठेवून पाडायचं. हाताच्या ड्रिलने ते तिरपं जातं. भोकाच्या आतून वार्निश फिरवा, कारण ओल तिथूनच शिरते. बोल्ट घट्ट बसावा, पण वॉशर लाकडात रुतेपर्यंत आवळू नये.

सांगाडा काटकोनात आणणं

दोन्ही स्पार सपाट घोड्यांवर समांतर ठेवून रिब ओवायच्या. स्पारमध्ये आडवे दांडे आणि त्यांच्यामधल्या प्रत्येक खणात फुलीसारख्या दोन तारा येतात. पुढच्या स्पारच्या मुळाकडून मागच्या स्पारच्या टोकाकडे जाते ती ड्रॅग वायर: हवा पंखाला मागे ढकलते तेव्हा ही ताण घेते. उलट दिशेची अँटी-ड्रॅग.

अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दोन टोकदार खिळे सरकवता येतील असे बसवले की ट्रॅमल तयार. खणाचे दोन्ही कर्ण त्याने मोजायचे आणि टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) फिरवत ते समान करायचे. सुरुवात मुळाच्या खणापासून, मग बाहेर बाहेर. शेवटचा खण झाला की परत पहिला तपासा, तो थोडा हललेला असतो. तारा फार ताणल्या तर स्पार कमानीसारखा वाकतो, म्हणून दर खणानंतर स्पारच्या कडेने डोळा लावून बघा. हे झालं, मगच रिब कायमच्या चिकटवा.

नाकावरचं पातळ प्लायवूड, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग), टोकाचं वळण ही कामं ड्रॉइंगप्रमाणे सरळ होतात. आतून सगळीकडे वार्निश द्या, फक्त पुढे गोंद लागणार तिथे टेप लावून ठेवा.

तारा लावणं

कापडाआधी पंख एकदा विमानाला लावून पूर्ण रिगिंग, म्हणजे तारा ताणून पंख मापात आणणं, करावंच. वरच्या तारा, म्हणजे लँडिंग वायर, जमिनीवर पंख तोलतात. खालच्या फ्लाइंग वायर उडताना ताण घेतात. उत्तरायणात पतंगाचा किन्ना जरा वरखाली झाला की पतंग एका बाजूला कलतो किंवा गोते खातो, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तारांच्या लांबीचं काम तेच.

आधी धड पाणसळीने आडवं आणि उभं दोन्ही समपातळीत आणून पक्कं टेकवा. मग वरच्या पुढच्या तारांनी डायहेड्रल, म्हणजे पंखाच्या टोकाचा वरचा कल, लावायचा. अर्धा पंख ४ मीटर आणि कल २ अंश असेल तर टोक मुळापेक्षा १४० मिलिमीटर वर हवं. हे मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी सगळ्यांत विश्वासू: एक टोक डाव्या पंखाला, दुसरं उजव्याला, आणि दोन्हीकडे पाण्याची रेघ एकाच खुणेवर. नळीत बुडबुडा राहिलेला नाही एवढं बघा.

मागच्या तारांनी वॉशआउट येतो, म्हणजे टोकाकडे पंखाचा कोन मुळापेक्षा थोडा कमी. वेग फार कमी झाला तर मुळाकडचा भाग आधी उचल सोडतो आणि टोकाकडचे एलेरॉन तोवर काम करत राहतात. पायलटला विमान सावरायला मिळणारा वेळ यातूनच येतो, म्हणून इथे अंदाज नको. स्पारमधलं अंतर ७०० मिलिमीटर असेल तर १ अंश म्हणजे साधारण १२ मिलिमीटरचा फरक. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा येईपर्यंत थांबू नका.

पुढच्या स्पारपासून दोन-तीन ठिकाणी ओळंबे सोडून जमिनीवरच्या दोरीशी जुळवा, आणि प्रत्येक टोकापासून शेपटीच्या उभ्या दांड्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. डावं-उजवं सारखं हवं. मग खालच्या तारा आळीपाळीने, थोड्या थोड्या ताणा. टर्नबकलच्या बाहेर ३ पेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. शेवटी प्रत्येकाला सेफ्टी वायर, म्हणजे आटे आपोआप सुटू नयेत म्हणून बांधायची बारीक तार.

कापड आणि त्यानंतर

तपासणीची सही मिळाली की पंख उतरवून कापड. विमानासाठीचं प्रमाणित पॉलिएस्टर इस्त्रीने ताणतात: आधी १२० अंश सेल्सियसच्या आसपास, शेवटी १७५ पर्यंत, त्यापुढे नाही. इस्त्रीच्या बटणावरचे आकडे खरे नसतात, थर्मामीटर लावून तिचं तापमान आधी तपासा. वरची आणि खालची बाजू आलटून पालटून ताणा, नाहीतर नाजूक रिब पिळतात. रिबशी कापड शिवून घ्या आणि खालच्या बाजूला प्रत्येक खणात पाणी निथळायला भोक ठेवा. रंग पांढरा किंवा फिकाच द्या. गडद रंग आपल्या उन्हात इतका तापतो की आतलं इपॉक्सी मऊ पडू शकतं.

पंख परत चढवल्यावर सगळी मापं नव्याने घेऊन वहीत लिहा. पहिला पावसाळा संपला की तपासणीच्या झाकणांतून प्रत्येक बोल्ट हाताने बघा, पाण्याची भोकं तारेने मोकळी करा आणि ताणांचे आकडे वहीशी जुळवा. मेच्या कोरड्या उन्हानंतरही हेच. बोल्ट पुन्हा आवळावा लागला तर त्याच बैठकीत पाण्याची नळी लावून डायहेड्रल आणि वॉशआउट परत मोजा, कारण बोल्ट बसला की तारांचा ताण बदललेला असतो.