लिस्बनमध्ये फादो ऐकायचा तर

गोव्याहून लिस्बनला शिकायला गेलेली मुलं पहिल्याच आठवड्यात फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, ऐकायला निघतात आणि बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. भर बाजारात मेनूकार्ड हातात धरून पर्यटकांना आत बोलावणारी हॉटेलं टाळा. तिथे जेवणासह 40-50 युरो सहज उडतात आणि गाण्यापेक्षा ताटांचाच आवाज जास्त.

विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो तो 'फादो वादियु', म्हणजे हौशी लोकांचा फादो. अल्फामा, मोरारिया आणि बाइरु आल्तु या जुन्या वस्त्यांतल्या ताश्कांमध्ये तो रंगतो. ताश्का ही आपल्या गोव्यातल्या तावेर्नची (दारूच्या छोट्या दुकानाची) सख्खी बहीण: चार-सहा टेबलं, कोपऱ्यात दोन वादक. गिऱ्हाइकांतलाच कुणीतरी उठतो, वादकांना पट्टी सांगतो आणि गायला लागतो. बहुधा माइकही नसतो.

गाणं रात्री नऊच्या पुढेच सुरू होतं, पण जागा हवी तर तासभर आधी जा. दारातच विचारा, "आ कोंसुमु मिनिमु?" म्हणजे किमान ठरावीक युरोंचं खाणंपिणं घ्यावंच लागतं का. हे न विचारता बसलात तर वाद बिल येतं तेव्हा होतो. न मागता समोर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. खाल्लंत की पैसे लागले. नको असेल तर हात न लावता लगेच परत पाठवा. शिवराक (शाकाहारी) असाल तर 'काल्दु वेर्द' हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप मागवा, पण "सें शोरीसु", म्हणजे चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नको, म्हणायला विसरू नका. नाहीतर वर चोरिसाची एक चकती तरंगत येते.

दिवे मंद झाले की बोलणं बंद. आपल्याकडे बैठकीत समेवर दाद जाते, नाट्यपदाला मध्येच 'वन्स मोअर' मिळतो. इथे गाणं पूर्ण होईपर्यंत कुजबुजसुद्धा चालत नाही, आणि शेजारची आजी "श्श" करायला कचरत नाही. उशिरा पोचलात तर चालू गाणं संपेपर्यंत दाराबाहेरच थांबा. फ्लॅश नको. ऑर्डर द्यायची ती मधल्या सुट्टीत. तीन-चार गाणी झाली की ती होतेच. टाळ्या शेवटी. कुइंब्रा शहरातला विद्यार्थ्यांचा फादो मात्र वेगळा. तिथे जुन्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांऐवजी खाकरून दाद देतात, तेव्हा सवय नसेल तर शेजाऱ्यांकडे बघून ठरवा.

भाषा येत नसली तरी चाल ओळखता येते. 'मेनोर', 'कोरिदु' आणि 'मोरारिया' या तीन मूळ चालींवर असंख्य कवितांचे शब्द बसवले गेलेत. मेनोर संथ आणि उदास, कोरिदु धावता. या दोन जरी कानात बसल्या तरी निम्मी वाट सोपी होते. बसायला पोर्तुगीज गितार्राजवळची जागा धरा. तिच्या 12 तारा सहा जोड्यांत लावलेल्या असतात आणि वादक बोटांना खोटी नखं लावून त्या छेडतो. त्याच्या शेजारी जी साधी गिटार दिसते, तिला तिथे 'व्हियोला' म्हणतात. गायिकेच्या खांद्यावरची काळी शाल मारिया सेव्हेरा या जुन्या फादो गायिकेची आठवण मानतात. ती मोरारियाची, 1846 मध्ये वारली.

कान तयार करायला गोवा सोडण्याची वाट बघू नका. फादो गायिका सोनिया शिरसाट आपल्याच, गोव्याच्या. त्यांचा कार्यक्रम लागला तर चुकवू नका.

दिवसा अल्फामातलं फादो संग्रहालय बघा. ते 1998 पासून आहे, आणि तिथे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. सोमवारी जाऊ नका, हे आणि शहरातली बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. मंगळवार किंवा शनिवार सकाळ मोकळी असेल तर कांपु द सांता क्लाराला भरणाऱ्या 'फैरा द लाद्रा' या जुन्या बाजारात फिरा. मागेच राष्ट्रीय पॅन्थिऑन आहे, त्यात विख्यात फादो गायिका अमालिया रोद्रिगिश (1920-1999) यांची समाधी आहे. 28 नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमारांचा सुळसुळाट आहे. त्यापेक्षा सांता अपोलोनिया मेट्रोवर उतरून चढण चढा.

जूनमध्ये तिथे असाल तर 12 तारखेची रात्र राखून ठेवा. सांतु आंतोनियु या संताचं फेस्त (सण) असतं, अल्फामाच्या गल्ल्यांत सार्डिन भाजतात. 'मांजेरिकु' या तुळशीच्या कुळातल्या झाडाची कुंडी विकत घेतलीत तर नाक लावून वास घेऊ नका, झाड मरतं असा समज आहे. पानांवरून तळहात फिरवायचा आणि मग तो हुंगायचा. एरवीच्या रात्री परतताना घड्याळ बघा, मेट्रो रात्री एकला बंद होते.