मानसशास्त्राचे संशोधन रोजच्या जगण्यात वापरताना या चुका टाळा

गेल्या जूनच्या अखेरीस आमच्या शाहूपुरीतल्या शेजारच्या काकूंनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. शंभर पानी वही, डावीकडे तारखा आणि उजवीकडे हिरव्या शाईने केलेल्या बरोबरच्या खुणा. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चालून आले की एक खूण करायची, असा त्यांचा नेम होता. सलग एकवीस खुणा होत्या, पुढच्या चार ओळी कोऱ्या होत्या आणि त्याखाली आडवी रेघ मारलेली होती. "एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, मला काही लागली नाही. माझ्यात जिद्दच नाही गं," असे त्या म्हणाल्या, आणि तेही इतक्या शांतपणे की एखादा निकाल वाचून दाखवत आहेत असे वाटावे. मला फार वाईट वाटले, कारण दोष त्यांच्यात नव्हता. त्यांच्यापर्यंत जी माहिती पोचली होती तिच्यात होता.

मी साताऱ्यात मानसशास्त्र शिकवते आणि अशा वह्या वरचेवर पाहते. संशोधनातला निष्कर्ष घरापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या अटी गळून पडतात आणि आकडा तेवढा उरतो. मग तो आकडा माणूस स्वतःला मोजायला वापरतो. हा निष्कर्ष कोणावरून काढला, किती जणांवरून काढला आणि कोणत्या परिस्थितीत काढला, हे विचारण्याची सवय नसली की चांगल्या संशोधनातूनही अपराधीपणाच पदरी पडतो.

एकवीस दिवसांचा हिशेब

एकवीस दिवसांची गोष्ट सवयींच्या अभ्यासातून आलेलीच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली असे लिहिले की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. सांगोवांगीत त्यातला 'किमान' हा शब्द पडला, चेहऱ्याचा संदर्भ गेला आणि उरला तो सरसकट नियम. सवय लागायला किती दिवस लागतात याची प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती निवडून १२ आठवडे रोज नोंद ठेवली. कृती अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले, पण माणसामाणसातले अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे त्या नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज आहेत). पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर रुजली, तर व्यायामाला बराच जास्त वेळ लागला.

आता २१ च्या जागी ६६ पाठ करणे ही तीच चूक पुन्हा करणे होईल. त्या अभ्यासातून आपल्या उपयोगी पडते ते एवढेच की माणसामाणसात मोठा फरक असतो, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. काकूंच्या चार कोऱ्या ओळींनी आधीचे एकवीस दिवस पुसले नव्हते. ते काम आडव्या रेघेने केले.

संकल्प असतो, खुंटी नसते

त्या चार दिवसांत नेमके काय झाले, हे मी त्यांना विचारले. बराच वेळ बोलल्यावर कारण सापडले. रोज पहाटे त्यांच्या जाऊबाई दारावर थाप मारत आणि दोघी मिळून निघत. पेरणीसाठी जाऊबाई गावी गेल्या, थाप थांबली, आणि नेमका त्याच आठवड्यात पावसाने जोर धरला. म्हणजे काकूंना उठवत होती ती जिद्द नव्हती, दारावरची थाप होती, आणि यात कमीपणा मुळीच नाही. सवय अशीच असते. ती एखाद्या वेळेला, जागेला, आवाजाला किंवा आधीच्या कृतीला बांधलेली असते, आणि ती खूण नाहीशी झाली की कृतीही थांबते.

'उद्यापासून रोज चालणार' हा संकल्प अशा खुंटीशिवाय हवेत लोंबकळतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झाले की मी तमुक करीन' अशा नेमक्या शब्दांत बेत आखण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असा बेत आखणाऱ्यांनी ठरवलेली गोष्ट पार पाडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त दिसले. काकूंनी मग वहीच्या नव्या पानावर दोन वाक्ये लिहिली: 'सकाळचे दूध तापवून गॅस बंद केला की ओट्यापासून सरळ दाराशी जाऊन बूट घालायचे' आणि 'पाऊस असेल तर बूट घालून पडवीत वीस मिनिटे फेऱ्या मारायच्या'. दुसरे वाक्य मला पहिल्याहून महत्त्वाचे वाटते, कारण साताऱ्यात जून ते सप्टेंबर पाऊस पडणार हे ठाऊक असूनही उन्हाळ्यात केलेल्या संकल्पात त्याला कोणी जागा ठेवत नाही. आपला नेम पूर्वी कुठे मोडला होता ते आठवावे आणि त्या जागेसाठी आधीच एक वाक्य लिहून ठेवावे.

मन लागण्याची वाट पाहणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते. बायको गेल्यानंतर एका निवृत्त गृहस्थांनी राजवाड्याजवळच्या गोलबागेत मित्रांसोबत बसणे सोडले. 'मन लागेल तेव्हा जाईन' असे ते मुलाला सांगत राहिले आणि सात-आठ महिने गेले. घरात बसल्याने मन आणखी खचत गेले, आणि खचलेल्या मनाने घराबाहेर पडणे आणखी अवघड झाले.

आधी मन, मग कृती असा आपला समज असतो. उदासीनतेवरच्या एका चांगल्या अभ्यासलेल्या उपचारात हा क्रम उलटा केला जातो: पूर्वी ज्यातून समाधान मिळत असे किंवा जे केल्याने काही हाताला लागत असे, अशा कृती लहान तुकड्यांत पुन्हा दिवसात बसवायच्या, मन तयार असो वा नसो. याचा पुरावा फार दूरचा नाही. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर याची चाचणी केली. समुपदेशक हे मानसिक आरोग्याचे आधीचे शिक्षण नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले स्थानिक लोक होते. सहा ते आठ भेटींचा हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या कक्षेबाहेर आले होते. सुधारित पण नेहमीच्या धर्तीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

घरी हे करताना हमखास होणारी चूक म्हणजे पहिले पाऊल फार मोठे टाकणे. त्या गृहस्थांना मुलाने एकदम सहलीला नेले, आणि ते दुसऱ्याच दिवशी परतले. नंतर ठरले ते इतकेच: मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बागेच्या फाटकापर्यंत जायचे, आत जायचे की नाही ते तिथे पोचल्यावर पाहायचे, आणि परत आल्यावर मन कसे आहे याला दहापैकी गुण द्यायचे. निघण्याआधीचा गुण आणि परतल्यावरचा गुण शेजारी शेजारी लिहिला की 'काही उपयोग होणार नाही' हा अंदाज किती वेळा चुकतो ते स्वतःच्या अक्षरात दिसते. तिसऱ्या आठवड्यात ते फाटकाच्या आत गेले.

स्वतःला पटत नसलेले वाक्य घोकणे

ही चूक मी स्वतः केली आहे. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेल्या एका विद्यार्थ्याला मी रोज आरशासमोर 'मी हुशार आहे, मी यशस्वी होणारच' असे म्हणायला सांगितले. पंधरवड्याने तो म्हणाला, "मॅडम, ते म्हणताना आतून कुणीतरी सांगतं, खोटं बोलतोयस." मी त्याला आणखी जोर लावायला सांगितले, याचे मला आजही वाईट वाटते. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतःविषयी मुळातच हीन भावना असलेल्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य वारंवार म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले होते. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडे बरे वाटले. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात मात्र असा अपाय दिसला नाही. म्हणून ही वाक्ये सर्वांना घातक आहेत असे मी म्हणणार नाही. पण म्हटल्यावर घशात काही अडकल्यासारखे होत असेल, तर ते वाक्य सोडून द्यावे आणि त्या जागी पडताळता येईल असे खरे वाक्य घ्यावे. त्या मुलाने पुढे वहीत लिहिले: 'काल राज्यव्यवस्थेचे दोन घटक पुस्तक मिटून आठवले, वीसपैकी तेरा मुद्दे आले.' हे वाक्य त्याचे मन नाकारू शकत नव्हते.

याचेच दुसरे टोक म्हणजे 'तो विचार मनात आणूच नकोस' हा घराघरांतला सल्ला. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तो विचार येतच राहिला, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर आधी दडपलेल्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला. काळजी घालवण्यापेक्षा तिला वेळ नेमून देणे सोपे जाते. थॉमस बॉर्कोवेक यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीत रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा असतो; दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहून ती त्या अर्ध्या तासाकडे ढकलायची. यासाठी अंथरुणाची जागा आणि झोपेची वेळ मात्र कधीही निवडू नये.

झोपेसाठी झटणे

झोप येत नाही म्हणून लोक नऊलाच दिवा मालवून पडून राहतात. तासन् तास कूस बदलत राहिले की अंथरूण हीच जागरणाची खूण बनते. काकूंच्या दारावरची थाप जसे काम करत होती, तसेच हे उलट्या दिशेने घडते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले नियम आजही निद्रानाशाच्या उपचारात आहेत: झोप आल्याशिवाय आडवे होऊ नये; अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परतावे; रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे; दुपारी झोपू नये. पहिला आठवडा जड जातो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. दुसरी खोलीच नसेल तर अंथरुणाबाहेर खुर्चीत बसले तरी चालते. फेफरे येणाऱ्यांनी किंवा उन्मादाचे झटके आलेल्यांनी झोपेत असे बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

मात्रा आणि पुरावा

चांगली गोष्ट जास्त केली की जास्त लाभ, हे मनाच्या बाबतीत खरे ठरतेच असे नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आपल्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींची नोंद आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना लाभ झाला, आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. रोजच्या पाटीटाकू नोंदीपेक्षा रविवारी निवांत लिहिलेल्या चार ओळी बऱ्या.

कंबरेवर हात ठेवून ऐटीत उभे राहिले की संप्रेरके बदलतात, हा २०१० सालचा दावा ४२ जणांवरच्या प्रयोगातून आला होता. २०१५ साली २०० जणांवर तो तपासला गेला तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ संशोधनाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. त्याच २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस निष्कर्ष मिळाला. यावरून सगळे शास्त्र फोल ठरवणे चुकीचे आहे, कारण ही तपासणी शास्त्रानेच केली. आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की जेवढा पुरावा तेवढाच विश्वास ठेवावा. ही कसोटी नवस आणि गंडेदोरे यांच्याइतकीच मोबाइलवर आलेल्या 'संशोधन सांगते' या वाक्यालाही लावायला हवी. घरी पडताळणी करताना एका वेळी एकच बदल करावा, बदलाआधीच्या आठवड्याची नोंद ठेवावी, आणि किमान तीन आठवडे थांबून मग काय ते ठरवावे. झोप, आहार आणि व्यायाम एकाच सोमवारी बदलले, तर कशाने काय झाले हे कधीच कळत नाही.

प्रयोग थांबवण्याची वेळ

सलग दोन आठवडे जवळजवळ दररोज मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक, झोप आणि काम बिघडले असेल, तर घरच्या वहीवर भिस्त ठेवणे ही चूक आहे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडेही थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्यावी: झोपण्या-उठण्याच्या वेळा, जेवण, कोणत्या दिवशी घराबाहेर पडलो, मनाचे गुण किती, चालू औषधे कोणती. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात 'बरे वाटत नाही' एवढ्या वाक्यातून जे सांगायचे राहून जाते, ते त्या दोन पानांवरून डॉक्टरांना पाच मिनिटांत कळते.