यूएसबी सेल घातले आणि रेडिओ घूं घूं करू लागला: माझा अनुभव

आईच्या ट्रान्झिस्टरसाठी मी टाइप-सी पोर्टवाले रिचार्जेबल पेन्सिल सेल आणले. मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होतात, मोठी सोय. पण ते घातल्यापासून मिडियम वेव्हवर आकाशवाणीच्या बातम्यांमागे सतत घूं घूं. एफएम मात्र स्वच्छ.

जुने साधे सेल घालून पाहिले, आवाज गायब. म्हणजे रेडिओ ठणठणीत होता.

कारण सेलच्या पोटात आहे. आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो आणि त्याचे १.५ व्होल्ट करणारे छोटेसे सर्किट. ते सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, आणि त्याचा गोंगाट नेमका मिडियम वेव्हच्या पट्ट्यात उतरतो. सेल रेडिओच्या आतच, अँटेनाच्या फेराइट दांडीला खेटून. मग ऐकू येणारच!

रेडिओत आता निकेल मेटल हायड्राइडचे सेल आहेत. ते १.२ व्होल्टचे, वेगळा चार्जर लागतो, पण आत सर्किट नाही. आईच्या बातम्या पुन्हा स्वच्छ ऐकू येतात, आणि मला तेच हवे होते.

यूएसबी सेल टॉर्चमध्ये टाकले, तिथे उत्तम चालतात. फक्त प्रकाश मंद होत नाही, चार्ज संपला की एकदम अंधार. म्हणून प्रवासाला जोडी जादा ठेवा. आणि दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर सेल चार्ज होत नसेल, तर फेकू नका. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर लावून बघा, माझे तिथे लगेच चार्ज झाले.