मॅनिटोबा पीएनपी मधून कॅनडाचा पीआर: आधी नात्याचे कागद जमवा

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी, एक्स्प्रेस एन्ट्री या केंद्र सरकारच्या पॉइंटवर चालणाऱ्या सिस्टिममधे प्रोफाइल टाकून वर्ष झालं, स्कोअर ४६०-४७० च्या पुढे सरकत नाही, आता काय करू, असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगला तुझं कोणी आहे का? सख्खं नसलं तरी चालेल, मामेभाऊ, आत्तेबहीण, चुलत, मावस कोणीही. कारण मॅनिटोबाच्या प्रोग्रॅममधे जवळच्या नातेवाईकांत फर्स्ट कझिन धरतात, आणि आपल्याकडे कझिन म्हणजे अर्धं गाव असतं पण आपण त्यांना मोजतच नाही.

थोडक्यात सिस्टिम अशी आहे. क्युबेक आणि नुनावुत सोडून कॅनडातले बाकीचे प्रांत आपापल्या गरजेप्रमाणे लोक निवडून केंद्र सरकारकडे नाव पाठवतात, त्याला नॉमिनेशन म्हणतात, आणि या प्रोग्रॅमला पीएनपी. मॅनिटोबाने हे १९९८ मधे सगळ्यात आधी सुरू केलं. एक्स्प्रेस एन्ट्रीशी जोडलेलं नॉमिनेशन मिळालं तर तुमच्या स्कोअरमधे सरळ ६०० पॉइंट वाढतात, म्हणजे पीआरचा अर्ज करायचं इन्व्हिटेशन जवळपास पक्कंच. एक्स्प्रेस एन्ट्रीबाहेरचं नॉमिनेशन पण असतं, त्यात पीआर मिळतो पण वेळ बराच जास्त लागतो.

सुरुवात ईओआय पासून, म्हणजे मला यायचंय हे ऑनलाइन कळवायचं, त्याला फी नाही. त्याआधी इंग्लिशची टेस्ट झालेली पाहिजे. आयेल्ट्स देणार असाल तर जनरल द्या, अ‍ॅकॅडमिक चालत नाही, रिझल्ट २ वर्षं चालतो. डिग्रीचं ईसीए, म्हणजे ती कॅनडातल्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीची आहे याचा रिपोर्ट, पण आधीच करून घ्या, ते ५ वर्षं चालतं, आणि युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट काढायला जो वेळ जातो तो धरून चाला, माझे तिथेच २ महिने गेले.

आता ईओआयचे पॉइंट, एक्स्प्रेस एन्ट्रीचा स्कोअर वेगळा. मॅनिटोबात जवळचा नातेवाईक असेल तर २०० मिळतात, नुसता मित्र किंवा लांबचा नातेवाईक असेल तर ५०. विनिपेग सोडून ब्रँडन, स्टाइनबाख, विंकलर अशा ठिकाणी राहायची तयारी दाखवली तर आणखी ५०. आणि हे नीट वाचा, दुसऱ्या प्रांतात आधी अर्ज केला असेल, तिथे नोकरी किंवा शिक्षण झालं असेल तर १०० वजा होतात, तिथे जवळचा नातेवाईक आहे आणि मॅनिटोबात नाही, तरी पण वजा होतात. त्यामुळे सगळीकडे अर्ज टाकून ठेवू, कुठेतरी लागेल, हा आपला नोकरीच्या अर्जाचा हिशोब इथे अंगाशी येतो. बहीण टोरांटोत असेल तर ती लपवू पण नका, खोटी माहिती सापडली तर ५ वर्षं बंदी येते.

खरं काम नातं सिद्ध करण्यात आहे. नातेवाईक सिटिझन किंवा पीआर हवा, मॅनिटोबात किमान वर्षभर राहत असलेला हवा, आणि तुमच्यापासून त्याच्यापर्यंत कागदांची साखळी कुठेही तुटायला नको. माझं आत्तेभावाच्या जोरावर होतं, म्हणजे माझा जन्मदाखला वडिलांपर्यंत, वडिलांचा आणि आत्याचा आजोबांपर्यंत, आणि आत्तेभावाचा आत्यापर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. पण आत्याचं माहेरचं नाव शकुंतला, लग्नात नाव बदलून वैजयंती झालं, मधलं नाव आणि आडनाव तर बदलणारच. तिच्या मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव वैजयंती, आजोबांच्या घरातल्या प्रत्येक कागदावर शकुंतला. विनिपेगमधे बसलेल्या ऑफिसरला या दोन वेगळ्या बायका दिसणार, त्याची काही चूक नाही. वर आजोबा एका ठिकाणी दत्तू आणि दुसरीकडे दत्तात्रय.

आत्याचा जन्मदाखला नव्हताच, म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून गाव नमुना १४ चा, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा, उतारा काढला, आत्याच्या शाळा सोडल्याचा दाखला तिच्या शाळेतून नव्याने घेतला, लग्नाची नोंद नव्हती ती आता जाऊन केली, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं. सगळ्याचं सर्टिफाइड इंग्लिश भाषांतर. शिवाय एका पानावर साध्या इंग्लिशमधे लिहिलं की आमच्याकडे लग्नानंतर बाईचं पहिलं नाव सुद्धा बदलायची पद्धत आहे, म्हणून हा फरक आहे, आणि खाली वंशावळ काढली. माझं ठाम मत आहे की त्या एका पानाने काम केलं. ज्यांच्या घरात आत्या, मावशी, आजी अजून आहेत त्यांनी हे कागद आजच विचारून घ्या, कुठली शाळा, कुठलं गाव, हे फक्त त्यांनाच आठवत असतं.

नंबर लागला की एलएए येतं, म्हणजे अर्ज करा असं पत्र, आणि तिथून ६० दिवस मिळतात, फी ५०० डॉलर, परत मिळत नाही. म्हणून म्हणतोय की कागद आधी. या ६० दिवसांत सगळ्यात जास्त लोक नोकरीच्या लेटरवर अडकतात, लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि काम काय केलं ते पाहिजे, आणि एचआर काम लिहून देत नाही. मग मॅनेजरकडून लेटर किंवा सहकाऱ्याचं अ‍ॅफिडेव्हिट घ्या, सॅलरी स्लिप जोडा, आणि एनओसीच्या, म्हणजे कॅनडाच्या नोकऱ्यांच्या सरकारी यादीच्या, वेबसाइटवरचे मुद्दे जसेच्या तसे चिकटवू नका, लगेच कळतं.

तिथे गेल्यावर सुरुवातीच्या खर्चासाठी दाखवायचे पैसे खात्यात आधीपासून असू द्या. जमीन, फ्लॅट धरत नाहीत, कर्ज काढून दाखवलेले चालत नाहीत. घरच्यांनी दिले असतील तर गिफ्ट डीड करा.

नॉमिनेशन आलं की एक्स्प्रेस एन्ट्री प्रोफाइलमधे ते ३० दिवसांत स्वीकारायचं, मग इन्व्हिटेशन, मग परत ६० दिवसांत पीआरचा अर्ज. पीसीसी, म्हणजे पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा मधून, आणि गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात अशा प्रत्येक देशाची. मेडिकल ऑगस्ट २०२५ पासून अर्जाआधीच करावी लागते, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच.

२०२५ मधे प्रांतांचा कोटा निम्म्यावर आणला होता आणि ड्रॉ, म्हणजे ईओआयमधून नावं काढायच्या फेऱ्या, बऱ्याचदा ठरावीक लोकांसाठीच निघतात, त्यामुळे नियम प्रांताच्या वेबसाइटवर वाचा, एजंटच्या रील्सवर नाही. नॉमिनेशन नक्की मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या रजिस्टरमधे त्याचं नाव शोधा, मिनिटभराचं काम आहे.

आणि सेटलमेंट प्लॅन स्वतः लिहा. कुठे राहणार, कुठली कामं तिथे निघतायत, उणे ३० मधे पहिला हिवाळा कसा काढणार, मुलांची शाळा कुठली. मी आत्तेभावाला व्हिडिओ कॉलवर त्याच्या भागातली बस, घरभाडं, किराणा सगळं विचारून लिहिलं होतं, त्यात ३ रविवार गेले.