लेथवर वाडगे सँड करायला कुठलं मशीन? आधी पॅड बघा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडगे कातायला नव्याने लागलेले सगळे हेच विचारतात की सँडिंगला, म्हणजे वाडगा घासून गुळगुळीत करायला, मशीन कुठलं घेऊ, आणि विचारेपर्यंत निम्म्यांनी कार्टमध्ये काहीतरी दणकट टाकलेलंही असतं. वॅट वगैरे राहू द्या हो. आपल्या नाशिकमध्ये हौशी लोकांकडे लाकूड येतं ते पाडलेल्या वाड्यांचं सागवान, नाहीतर कुणाच्या मळ्यातला आंबा नि बाभूळ, त्याला मऊ पॅड (ड्रिलला लावायची फोमची गोल गादी, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटतो) आणि कमी स्पीड मिळाला की काम होतं.

मुळात मशीन का लावायचं? पॉलिश पेपर हातात धरून फिरत्या वाडग्याला लावला की ओरखडे गोल गोल एकाच दिशेने पडतात आणि तेल लावलं की ती सगळी वर्तुळं उठून दिसतात. शिवाय वाडग्याच्या अगदी मध्यावर लाकूड फिरून न फिरल्यासारखंच, तिथे घासलंच जात नाही. पॅड स्वतः फिरत असला की ओरखडे एकमेकांना काटतात आणि मधला भागही सुटत नाही.

पहिला मोह अँगल ग्राइंडरचा, कारण तो घरात असतोच, नाहीतर अंबड-सातपूरला कुणा ओळखीच्याच्या वर्कशॉपमधून आणता येतो. पण ४ इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत फिरतो, म्हणजे कडेला कागद मिनिटाला जवळजवळ साडेतीन हजार मीटर पळतो, आणि तेच ड्रिलवर २ इंची पॅड १,००० आरपीएमने फिरवला तर फक्त १६० मीटरच्या आसपास. एवढ्या वेगाने लाकूड तापतं, काळं पडतं, लाकडाच्या रेषांची टोकं बाहेर येतात तिथे बारीक तडे जातात, आणि वेल्क्रोचे हुक वितळून कागद उडतो तो वेगळाच. फिनिशिंगला तो हातात घेऊच नका.

५ इंची ऑर्बिटल सँडर मोठ्या थाळीला छान, वाडग्याच्या आत मात्र शिरत नाही. हवेवर चालणारा छोटा सँडर हलका असतो, आत नीट वळतो, पण हवा इतकी पितो की घरगुती छोटा कॉम्प्रेसर धापा टाकतो, तेव्हा मोठा कॉम्प्रेसर आधीच असेल तरच त्या वाटेला जा.

म्हणजे फिरून ड्रिलच. ट्रिगरने स्पीड कमी-जास्त होणारा, रिव्हर्स असलेला, आणि हॅमर मोड असेल तर तो बंद करून. वाकड्या मानेचा अँगल ड्रिल मिळाला तर खोल वाडग्यात मनगट वाकवावं लागत नाही, पण सुरुवातीला साध्यावर भागतं. ड्रिल महाग घ्यायचा की स्वस्त, यावर माझं मत स्वस्त, कारण धूळ त्याच्या जाळीतून आत जाते आणि बेअरिंगवर आडवा जोर येतो, असा ड्रिल कधीतरी जाणारच. अधूनमधून ब्लोअरने हवा मारत जा.

वाचलेले पैसे पॅडवर घाला. २ इंची आणि ३ इंची असे दोन वेल्क्रो पॅड, फोम मऊ पाहिजे, कडक पॅडची कडा वाडग्याच्या वळणात खाचा पाडते. कागद लावताना पॅडपेक्षा किंचित मोठा घ्या म्हणजे फोमची कड लाकडाला लागत नाही. गाड्यांचं पेंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात वेल्क्रोचे गोल कागद विचारून बघा, फर्निचरच्या दुकानापेक्षा तिथे मिळायची शक्यता जास्त.

चालवताना लेथ ३०० ते ५०० आरपीएमवर, पॅडचा अर्धाच भाग टेकवायचा, आणि तोही असा की टेकलेल्या जागी पॅड नि लाकूड एकमेकांच्या उलट जातील. दाबायचं नाही, फिरवत राहायचं, बोटाला गरम लागलं की थांबायचं. कागदाचे नंबर (मोठा नंबर म्हणजे बारीक कागद) ८०, १२०, १८०, २४०, ३२० असे क्रमाने, कारण ८० चा ओरखडा १८० ने जात नाही, आणि ८० वरच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा असतो हे नवीन माणसाला पटतच नाही. कातताना लाकडाच्या रेषा फाटलेल्या दोन जागा प्रत्येक वाडग्यात समोरासमोर असतातच, तिथे लेथ बंद करून फक्त ड्रिलने घासा. सागाच्या तेलाने कागद लवकर भरतो, जुन्या चपलेच्या क्रेप सोलचा तुकडा फिरत्या कागदावर धरला की बराच मोकळा होतो.

आणि मास्क. लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या गटात आहे, रुमाल बांधून चालत नाही, एन-९५ घ्या आणि एक्झॉस्ट फॅन लेथच्या मागेच बसवा, तोंडासमोरची धूळ पलीकडे ओढली गेली पाहिजे.