अमेरिकेतल्या लॉ अ‍ॅडमिशनच्या खटल्यांवर सेमिनार घेतलाय? मग असा उभा करा

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात इंटर्नशिपला येणारी पोरं हा विषय घेतात आणि पहिल्याच स्लाइडवर लिहितात, ‘अमेरिकेतील आरक्षण’. ती स्लाइड आधी उडवा. राखीव जागा हीच तर तिथे कोर्टाने नाकारलेली गोष्ट. अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना प्रवेशात झुकतं माप देणं, हाच आपला कोटा असं एकदा डोक्यात बसलं, की पुढचा एकही निकाल धड कळत नाही.

वहीचं पान आडवं धरून तीन रकाने पाडा. कोर्टात कोण गेलं, कॉलेज काय करत होतं, आणि कोर्टाने कोणतं कारण मान्य किंवा अमान्य केलं. तिसरा रकाना भरताना घाई करू नका, मार्क तिथेच आहेत.

सुरुवात स्वेट विरुद्ध पेंटरपासून करा, निकाल 5 जून 1950. हेमन स्वेट हा ह्यूस्टनचा पोस्टमन. टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलने तो काळा म्हणून प्रवेश नाकारला आणि राज्याने घाईघाईने काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. निकालातले आकडे जसेच्या तसे स्लाइडवर घ्या: जुन्या स्कूलमध्ये 850 विद्यार्थी आणि 65,000हून जास्त पुस्तकं, नव्यात 23 विद्यार्थी आणि 16,500 पुस्तकं. पण कोर्ट पुस्तकं मोजून थांबलं नाही. स्कूलचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, ज्यांच्यासोबत उद्या वकिली करायची त्यांच्यातच बसून शिकणं, हे सगळं त्याने मोजलं. त्याच दिवशी मॅकलॉरिन या काळ्या विद्यार्थ्याच्या खटल्याचा निकाल लागला. त्याला ओक्लाहोमा विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण वर्गात, लायब्ररीत, कँटीनमध्ये टेबल वेगळं. इथे सातारकरांनी आपली स्लाइड जरूर घालावी. 7 नोव्हेंबर 1900ला बाबासाहेबांचं नाव आपल्या हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, पटावर लागलं. वर्गात मात्र कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागायचं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नुसता प्रवेश मिळून भागत नाही, हे परीक्षकाला याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

पुढचा खटला डीफ्युनिसचा, आणि वकील म्हणून मला यात सगळ्यात जास्त गंमत वाटते. मार्को डीफ्युनिस या गोऱ्या विद्यार्थ्याला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने 1971 साली नाकारलं. खालच्या कोर्टाच्या आदेशाने तो आत गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टात 1974 साली निकाली निघेपर्यंत गडी शेवटच्या वर्षाला पोचला होता. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, प्रकरण इन्फ्रक्च्युअस, म्हणजे आता निकाल देण्यासारखं काही उरलं नाही. तारखांवर तारखा पडणं ही आपलीच मक्तेदारी नाही! यातलं न्यायमूर्ती डग्लस यांचं भिन्नमत वाचा. प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर त्यांनी घेतलेली शंका सीईटी देऊन आलेल्यांना लगेच पटेल.

1978चा बॅकी खटला मेडिकलचा आहे, पण तो सोडला तर गाडी पुढे जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस मेडिकल स्कूलमध्ये 100पैकी 16 जागा अल्पसंख्य गटांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्या गेल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मते वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून बघता येईल, वर्गात विविधता यावी म्हणून. जुना अन्याय भरून काढायचा हे कारण मागे पडलं ते इथे. या ओळीखाली लाल रेघ मारा.

1996चा हॉपवुड एका वाक्यात उरका: फिफ्थ सर्किटने, म्हणजे सुप्रीम कोर्टाखालच्या एका अपील कोर्टाने, विविधतेचं कारणही नाकारलं, तेवढ्या तीन राज्यांपुरतं. 2003 साली मिशिगन लॉ स्कूलच्या ग्रटर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते पाच-चारने पुन्हा मान्य केलं. शेजारी ग्रॅट्झ खटला ठेवा: निकाल त्याच दिवशीचा, विद्यापीठही तेच, पण पदवी प्रवेशात अल्पसंख्य अर्जदारांना 150पैकी 20 गुण सरसकट दिले जायचे, ते रद्द. अर्ज एकेक करून वाचला की चालतं, ठोक गुण दिले की नाही. ग्रटरमध्ये न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी 25 वर्षांनी याची गरज उरू नये अशी अपेक्षा लिहिली. तेवढी वर्षं भरलीच नाहीत. 29 जून 2023ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांविरुद्धच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने वंश बघून प्रवेश देणं बंद झालं, लॉ स्कूललाही ते लागू. आपल्या वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, इतकंच उरलं.

भारताला एकच स्लाइड द्या. चंपकम दोराईराजन खटला, 1951, ज्यात जातवार जागा वाटणारा मद्रासचा आदेश रद्द झाला; त्यावरून पहिली घटनादुरुस्ती आणि मागासवर्गांसाठी खास तरतुदीची मुभा देणारं कलम 15(4); मग बालाजी 1963 आणि इंद्रा साहनी 1992मधली 50 टक्क्यांची मर्यादा. आपल्या तिसऱ्या रकान्यात ‘सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण’ येतं, विविधता नाही. शाहू महाराजांचा 1902चा आदेश घेणार असाल तर तो नोकऱ्यांचा होता, कॉलेज प्रवेशाचा नाही; ही गल्लत हमखास होते.

आणि उतारे निकालातूनच उचला. अमेरिकन निकालाच्या सुरुवातीला ‘सिलॅबस’ म्हणून सारांश असतो. तो कोर्टाचा रिपोर्टर लिहितो, निकालाचा भाग नसतो. आपल्याकडे छापील निकालाच्या वर संपादक सारांश देतात, त्या हेडनोटसारखाच. त्यातलं वाक्य न्यायमूर्तींच्या नावावर खपवलंत तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल.