भूगोल आणि नगररचनेचे प्रकल्प करून घेताना या चुका टाळा

एमए, एमएस्सीच्या प्रकल्पात लातूर शहराचे क्षेत्रफळ 'शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीतरी' आले, तर तो आकडा चौरस अंशांत आहे. थर, म्हणजे संगणकावरच्या नकाशाची फाइल, अक्षांश-रेखांशांत (ईपीएसजी 4326 या निर्देशांक-पद्धतीत) तसाच राहिला आणि मोजणी झाली. यावर उपाय म्हणून पोरं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट लेयर सीआरएस' (थराची निर्देशांक-पद्धत ठरवणारी आज्ञा) उघडून 32643 ही मीटरमधली पद्धत निवडतात आणि लातूर गायब होते. ते जाते विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात! कारण त्या आज्ञेने फक्त लेबल बदलते, निर्देशांक तेच राहतात. 'रिप्रोजेक्ट लेयर' वापरून निर्देशांकच बदललेला नवा थर तयार करायचा आणि मगच मोजायचे. हा फरक पहिल्याच प्रात्यक्षिकात मुद्दाम चुकवून दाखवावा, सांगून तो डोक्यात बसत नाही.

मराठवाडा जवळपास सगळा यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या 43 क्रमांकाच्या पट्ट्यात येतो (वरचा 32643 तोच). किनवट मात्र 78 अंश रेखांशापलीकडे, म्हणजे 44 मध्ये. पण तेवढ्यासाठी नांदेड जिल्ह्याचे दोन तुकडे करू नका. जिल्ह्याचा नकाशा असेल तर सगळा 43 मध्येच ठेवा.

तक्ता नकाशाला जोडला आणि निम्मे जिल्हे रिकामे दिसले, तर नावे तपासा. 2011च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवची जुनी नावे, औरंगाबाद आणि उस्मानाबाद, आहेत, बीडचे इंग्रजी स्पेलिंगही वेगळे आहे. जोडणी कोडवर करा. तालुक्यांचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते शून्य गिळतो, म्हणून तो स्तंभ आधीच टेक्स्ट करून ठेवा.

जुन्या टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) गाव सरकलेले दिसले की सगळा दोष डेटमला, म्हणजे निर्देशांक ज्या पृथ्वी-आकारावरून मोजले त्या संदर्भाला, देण्याची सवय आहे. पुष्कळदा तो असतोही, जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर असते. पण किल्लारी परिसरात थांबा. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर तिथली गावे खरोखरच दुसऱ्या जागी वसवली गेली. तिथे नकाशा ओढून 'जुळवला' तर बरोबर असलेली शीटच बिघडते.

नगररचनेच्या तासाला शिकागोवरून 1925मध्ये बर्जेसने मांडलेली वर्तुळे (शहर एका केंद्राभोवती कड्यांनी वाढते, हे प्रारूप) छत्रपती संभाजीनगरावर काढून घेणे, ही माझ्या मते सर्वांत खर्चिक चूक, कारण विद्यार्थी पुढे शहराकडे बघायचेच सोडतो. दरवाजांचे जुने शहर, छावणी, सिडको, एका बाजूला चिकलठाणा एमआयडीसी आणि दुसऱ्या बाजूला वाळूज, हे वर्तुळात बसत नाही. हॅरिस आणि उलमन यांचे 1945चे बहुकेंद्री प्रारूप, म्हणजे एका शहराला अनेक केंद्रे मानणारे, जास्त जवळ येते. तरी गुंठेवारी दोन्हींत नाही. शेताचे तुकडे पाडून, बिनशेती न करता विकलेल्या प्लॉटवर शहराचे मोठे भाग उभे आहेत, आणि त्यासाठी 2001चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो शिकवल्याशिवाय विकास आराखडा शिकवण्यात अर्थ नाही.

आराखड्यावरचे हिरवे आरक्षण (बागेसाठी राखलेली जागा) म्हणजे बाग झालीच, असेही समजू देऊ नका. मंजूर आराखड्यातले एक आरक्षण निवडून वर्ग तिथे न्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, 1966चे कलम 127 वाचून जायचे: दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. सातबारा सोबत असू द्या.

राहिले घरोघर सर्वेक्षण. सत्राच्या सोयीने ते डिसेंबरात ठेवतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, धारूरकडच्या गावांत तेव्हा कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. घरी म्हातारी-कोतारी आणि शाळकरी लेकरे. मग कुटुंब लहान दिसते, वृद्धांचे प्रमाण फुगते आणि अहवालात 'लोकसंख्येचे वार्धक्य' असा निष्कर्ष झोकात छापला जातो. जमले तर गाळप संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जा. नाहीच जमले, तर प्रश्नावलीत एक रकाना वाढवा: घरातले कोण तोडीला गेले, कुठल्या कारखान्याला, कधी येणार. आजी सगळं सांगते, विचारणारा हवा.